स्कायरिम की विचर ३: दोन्ही पोटभर खेळून झाल्यावर सांगते

ओपन वर्ल्ड आरपीजी (मोकळ्या जगात हिंडत आपलं पात्र घडवायचा गेम) खेळायचाय, कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की हमखास हीच दोन नावं पुढं येतात, आणि मग वाद सुरू होतो तो ग्राफिक्स कुणाचे भारी नाहीतर तलवारबाजी कुणाची भारी यावर जाऊन अडकतो. मला विचाराल तर खरा फरक तिथं नाहीच. रस्ता सोडून बाजूला वळलं की हाती काय लागतं, फरक तिथं आहे. स्कायरिममध्ये बाजूला वळलात तर एखादी जागा सापडते, विचर ३ मध्ये वळलात तर बहुतेक वेळा एखादा माणूस भेटतो ज्याच्यामागं काहीतरी लचांड लागलेलं असतं. बाकी सगळं, म्हणजे लढाई, लेव्हल, मॉड (लोकांनी गेममध्ये स्वतः केलेले बदल), नकाशा, हे यावरूनच ठरत जातं. माझा कौल विचर ३ ला आहे हे आधीच सांगून टाकते, पण काही बाबतीत स्कायरिम इतका पुढं आहे की विचर त्याच्या जवळपासही पोचत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय तुलना पूर्ण होणार नाही.

विचरमधल्या बॅरन नावाच्या सरदाराच्या गोष्टीचे स्पॉयलर पुढं आहेत, विचर अजून खेळायचा असेल तर बॅरनचं नाव दिसलं की थेट लढाईच्या भागावर उडी मारा.

बेथेस्डाचा स्कायरिम आला ११ नोव्हेंबर २०११ ला, एल्डर स्क्रोल्स मालिकेतला पाचवा गेम. विचर ३ पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा, १९ मे २०१५ चा. मध्ये साडेतीन वर्षं आहेत आणि ती कन्सोलची पिढी बदलण्याची वर्षं होती, त्यामुळं नुसते चेहरे आणि झाडं शेजारी शेजारी ठेवून स्कायरिमला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. दोघांनाही नंतर नवीन रंगरूप मिळालंय, स्कायरिमची स्पेशल एडिशन २०१६ मध्ये आली आणि पीसीवर गेम एकदाचा ६४ बिटवर गेला, विचरला डिसेंबर २०२२ मध्ये मोठा फुकट अपडेट मिळाला. आज घेणार असाल तर दोन्हीच्या याच नव्या आवृत्त्या घ्या, जुन्याच्या नादी लागू नका.

आता स्कायरिमची जागा म्हणजे काय ते सांगते. विंटरहोल्डच्या बाजूला उत्तर किनाऱ्यावर फ्रॉस्टफ्लो नावाचं एक दीपगृह आहे. तिथं जा असं तुम्हाला कुणी सांगत नाही, जर्नलमध्ये क्वेस्टची, म्हणजे कामगिरीची, नोंद होत नाही, बाण येत नाही. लांबून उजेड दिसतो म्हणून तुम्ही जाता, दार उघडता तर आत एका बाईचं प्रेत. घरात वह्या पडलेल्या, त्या वाचल्या की कळतं की एक कुटुंब इथं राहायला आलं होतं, नवऱ्याला फार हौस होती दीपगृहाची, मग तळघरातून आवाज यायला लागले, आणि पुढचं तुम्हाला स्वतः तळघरात उतरून बघावं लागतं. भिंत फुटलेली, मागं फाल्मर नावाच्या आंधळ्या, हिंस्र जमातीच्या गुहा, एकेक खोली पुढं जाताना त्या घरातल्या मुलांचं काय झालं ते कळत जातं आणि शेवटी एका मोठ्या कॉरस किड्याला मारलं की त्याच्याकडं त्या माणसाचे अवशेष मिळतात. गेम इथंही काही बोलत नाही. पण तुम्ही वही नीट वाचली असेल तर लक्षात असतं की त्याला मेल्यावर दीपगृहाच्या आगीत जायचं होतं, मग तुम्ही तेवढ्या सगळ्या पायऱ्या परत चढून वर जाता, ते अवशेष आगीत टाकता आणि तुमच्या कॅरेक्टरला एक छोटा कायमचा फायदा मिळतो, उपचाराचे मंत्र थोडे जास्त चालतात. बस. ना कुणी थँक्यू म्हणायला, ना सोन्याची थैली. सगळी गोष्ट सांगणारं तिथं जिवंत कुणी उरलेलंच नाही, आणि तरी ही गोष्ट मी विसरलेली नाही.

अशा जागा स्कायरिममध्ये भरपूर आहेत, आणि त्या शोधायची सवय गेम तुम्हाला सुरुवातीलाच लावतो. ब्लीक फॉल्स बॅरो आठवतंय ना, रिव्हरवुडच्या दुकानातून सोन्याचा पंजा चोरीला गेलेला असतो तो आणायला जायचं ते? आत तीन चाकांचं दार आहे, चुकीची चित्रं लावली की बाण बसतात, आणि चोराच्या वहीत लिहिलेलं असतं की उत्तर तुमच्या तळहातावरच आहे. मग इन्व्हेंटरी उघडायची, पंजा फिरवून उलटा करायचा आणि त्याच्या तळव्यावर कोरलेलं बघायचं: अस्वल, पतंग, घुबड. इन्व्हेंटरीत वस्तू थ्रीडीमध्ये फिरवता येते हे आत्तापर्यंत नुसती सजावट वाटलेलं असतं, तीच किल्ली निघते. हा गेम वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांनी बनवलाय. टेबलावरची वाटी उचलता येते, पुस्तकं खरंच वाचता येतात, घरात चीज रचून ठेवता येतं, आणि हे सगळं निरुपयोगी आहे असं ज्याला वाटतं त्याला स्कायरिम कधीच आवडणार नाही हेही खरं.

विचरच्या जगात असं नाहीये. तिथलं जग दिसायला जास्त खरं आहे, व्हेलनमधला चिखल, फासावर लटकलेली माणसं, वारा सुटला की झाडं ज्या पद्धतीनं वाकतात ते बघत थांबावंसं वाटतं, नोव्हिग्राड शहरात लोडिंग स्क्रीनशिवाय शिरता येतं (स्कायरिममध्ये प्रत्येक मोठ्या शहराच्या वेशीवर लोडिंग). पण हात लावायला फारसं काही नाही. पेट्या, पोती, झाडपाला, लुटा आणि पुढं चला. आणि प्रश्नचिन्हं! नकाशावर पसरलेली ती प्रश्नचिन्हं ही विचरची सगळ्यात कच्ची बाजू आहे, त्यातही स्केलिगेच्या समुद्रातली, जिथं होडीनं जायचं, वरून सायरन हल्ला करणार, त्यांना क्रॉसबोनं पाडायचं, पाण्यात बुडी मारून तस्करांचा माल काढायचा, पुढच्या ठिपक्यावर परत तेच. मी ते सगळे पूर्ण करायच्या भानगडीत पडले नाही आणि तुम्हीही पडू नका, त्यात गोष्ट नाही. २०२२ च्या अपडेटनंतर नकाशाच्या डिफॉल्ट फिल्टरमध्ये ती प्रश्नचिन्हं दिसतच नाहीत, फार शहाणा बदल.

मग विचर मला जास्त का आवडतो? माणसांमुळं. आणि त्या माणसांबद्दल तुम्हाला जे निर्णय घ्यायला लावतात त्यामुळं.

बॅरनचंच घ्या. गेराल्ट, म्हणजे तुम्ही खेळता तो राक्षस मारणारा विचर, मुलीसारखी वाढवलेल्या सिरीला शोधतोय, बॅरनला तिची खबर आहे, पण तो म्हणतो आधी माझी बायको आणि मुलगी शोध. माणूस गप्पिष्ट, पाहुणचार करणारा, सिरीशी चांगला वागलेला, आणि हळूहळू कळतं की दारू पिऊन बायकोला मारायचा, त्यातच तिचा गर्भ गेला, आणि ते बाळ नाव न ठेवता पुरलं म्हणून त्याचं बॉचलिंग, म्हणजे एक पिशाच्च, झालंय. एवढ्या घाणेरड्या गोष्टीला हात घालायला धाडस लागतं, आणि गेम ते उथळपणे करत नाही. तुम्ही त्या बॉचलिंगला मारू शकता. किंवा बॅरनला सांगू शकता की हे तुझं लेकरू आहे, उचलून घे. मग रात्री तो अवाढव्य माणूस ते भयानक पोर छातीशी धरून चालतोय, ते मध्येच बिथरतं, तुम्हाला ॲक्सी साईन (विचरांचा छोटा मंत्र) टाकून त्याला शांत करावं लागतं, भुतं अंगावर येतात त्यांना तुम्ही हाणायचं, आणि शेवटी उंबऱ्याशी खड्डा खणून तो त्याला नाव देतो, डिया, आणि मुलगी म्हणून स्वीकारतो. मला त्या माणसाची कीव येत होती आणि रागही येत होता, दोन्ही एकाच वेळी, आणि गेमनं यातलं एकही कमी करायचा प्रयत्न केला नाही. बायकोला मारणाऱ्याला माफ करा असं तो म्हणत नाही, त्याच्याकडं नीट बघा एवढंच म्हणतो.

पुढं तेच सूत्र एका टेकडीवरच्या झाडाखाली जातं. झाडाच्या मुळांत एक आत्मा कोंडलेला आहे, तो म्हणतो मला सोडव, दलदलीतल्या अनाथ पोरांना मी वाचवतो. खरं बोलतोय की फसवतोय हे समजायला मार्ग नाही. मारलात तर पोरं गेली, दलदलीतल्या तीन चेटकिणींच्या तावडीतून कुणी सुटत नाही, पण बॅरनची बायको जिवंत राहते, भ्रमिष्ट झालेली, आणि बॅरन तिला उपचाराला घेऊन निघतो. सोडवलात तर पोरं वाचतात, पण एक अख्खं गाव त्या आत्म्याच्या तडाख्यात सापडतं, बायको मरते आणि बॅरन गळफास घेतो. हा परिणाम बराच नंतर समोर येतो, तोपर्यंत तुम्ही पुढं दहा कामं केलेली असतात, त्यामुळं जुना सेव्ह लोड करून बदलू म्हणायची सोयच राहत नाही. आणि इथं बरोबर उत्तर ठेवलेलंच नाही. निळा म्हणजे चांगला, लाल म्हणजे वाईट असं रंग देऊन ठेवलेलं नाही, पॉइंट मिळत नाहीत. अख्ख्या गेमचा शेवटसुद्धा असाच ठरतो, सिरी खचलेली असताना तिच्याशी बर्फाचे गोळे फेकत खेळलात की दारूचा पेला पुढं केलात, असल्या छोट्या वागण्यांवर. पहिल्यांदा खेळताना ते निर्णय आहेत हेच कळत नाही, आपण बोलत असतो इतकंच.

याच्यासमोर स्कायरिमचे निर्णय फार हलके आहेत, त्याबद्दल मला कुणीही काहीही सांगितलं तरी पटणार नाही. विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजात जा, जेमतेम एक दोन मंत्र येत असले तरी थोड्या क्वेस्टनंतर तुम्ही आर्चमेज, म्हणजे तिथले प्रमुख. तिकडं कम्पॅनियन्स या योद्ध्यांच्या टोळीचे प्रमुख, रिफ्टनमध्ये चोरांचे प्रमुख, डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या टोळीचेही तुम्हीच, सगळं एकाच वेळी, आणि एका ठिकाणच्या लोकांना दुसऱ्या ठिकाणच्या तुमच्या पदाचं काही देणंघेणं नाही. बंडखोर स्टॉर्मक्लोक विरुद्ध साम्राज्य हे भांडण कागदावर इतकं छान आहे, दोन्ही बाजूंना खरं काही म्हणायचंय, धर्माची बंदी आहे, मागं लपून हसणारे थालमोर, म्हणजे एल्फ सत्ताधारी, आहेत, आणि प्रत्यक्षात काय तर किल्ले जिंकायचे, काही यार्ल (प्रांतांचे सरदार) बदलतात, रस्त्यावरचा पहारेकरी मात्र तेच गुडघ्यातल्या बाणाचं वाक्य बोलतोय. एवढ्या चांगल्या मांडणीचा इतका कमी उपयोग केलेला बघून जीव हळहळतो.

पण. स्कायरिमला एक गोष्ट जमते जी विचरला जमूच शकत नाही, ती म्हणजे मुख्य गोष्टीकडं पाठ फिरवणं. सुरुवातीच्या हेल्गेन गावातून सुटलात की तुम्ही कुठंही जा. व्हाईटरनच्या यार्लकडं जाऊन पहिला ड्रॅगन मारायचं काम केलंच नाहीत तर इतर ड्रॅगन नकाशावर फिरायलाच लागत नाहीत, म्हणजे तुम्ही अख्खा गेम एक शिकारी म्हणून, एक किमयागार म्हणून, घर बांधून पोरं दत्तक घेणारा माणूस म्हणून खेळू शकता आणि जग त्याला हरकत घेत नाही. दहा वंश आहेत, मांजरासारखा खाजीट घ्या नाहीतर पाली सारखा आर्गोनियन, तुम्ही कोण हे तुम्ही ठरवायचं. विचरमध्ये तुम्ही गेराल्ट, संपलं, केस कापा आणि दाढी करा एवढंच तुमच्या हातात (दाढी परत वाढते, तो भाग मला फार आवडतो). आणि गेराल्टची पोर संकटात आहे, तिच्या मागं वाइल्ड हंट ही भुताटकी स्वारांची टोळी लागलीय, आणि मी मात्र खानावळीत बसून ग्वेंटचा, म्हणजे गेममधल्याच पत्त्यांच्या खेळाचा, डाव मांडलाय, हे खटकतं. ग्वेंट इतका चांगला आहे की पुढं त्याचा वेगळा गेम निघाला, त्यामुळं खटकलं तरी मी डाव सोडत नाही, पण गोष्टीची घाई आणि मोकळं जग यांचं विचरमध्ये जमत नाही हे मान्य करायला पाहिजे.

लढाईबद्दल थोडक्यात. स्कायरिममध्ये तलवार हवेत फिरवल्यासारखी लागते, समोरच्याला बसली की नाही हे त्याच्या लाल पट्टीवरून कळतं, म्हणून शेवटी बहुतेक जण लपून बाण मारण्यावर येतात, त्यात खरंच मजा आहे. जे काम कराल ते कौशल्य वाढणार, ही १८ कौशल्यांची पद्धत मला आजही सगळ्यात सरळ वाटते, बाण मारले की धनुर्विद्या वाढली, कुलपं उघडली की कुलपं उघडणं वाढलं, समजावून सांगावं लागत नाही. विचरमध्ये मात्र लेव्हल वाढून मिळालेले पॉइंट घालायचे, वर ते गुण मोजक्याच खाचांत बसवायचे, शिकलेलं असून वापरता येत नाही, हे मला कधीच पटलं नाही. पण तिथली लढाई माहितीवर चालते. सुरुवातीच्या व्हाईट ऑर्चर्ड भागात विहिरीपाशी दुपारची हडळ आहे, तिच्यावर नुसती तलवार घेऊन धावलात तर ती धुराची होते आणि घाव लागत नाही, यर्डेन या साईनचं वर्तुळ टाकून तिला त्यात ओढली की मग ती हाडामांसाची होते आणि मार बसतो. आणि त्याच्याआधी विहिरीत उतरून तळाचं कंकण शोधून हाडांबरोबर जाळावं लागतं, नाहीतर तिचा कायमचा निकाल लागत नाही. तेल कुठलं लावायचं, बॉम्ब कुठला, हे प्राणिकोशात वाचून जायचं. सोप्या पातळीवर खेळलात तर यातलं काहीच करावं लागत नाही आणि लढाई नुसती बटणं दाबणं होते, म्हणून वरून दुसरी पातळी तरी ठेवाच. एक तक्रार, विचर सेन्स (गेराल्टची तीक्ष्ण नजर) लावून लाल चमकणाऱ्या खुणांमागं जायचं हे जवळपास प्रत्येक क्वेस्टमध्ये आहे, तपास चांगला लिहिलेला असतो पण तपासाचं काम आपण करतच नाही, लाल रेघ करते.

मॉडच्या बाबतीत स्पर्धाच नाही. स्कायरिमसाठी क्रिएशन किट, म्हणजे मॉड बनवायचं साधन, फेब्रुवारी २०१२ मध्येच लोकांच्या हाती दिलं आणि त्यातून काय काय निघालं, एन्डेरालसारखा अख्खा वेगळा गेम निघाला, द फरगॉटन सिटी नावाच्या मॉडचा पुढं २०२१ मध्ये स्वतंत्र गेम झाला. विचरला असं पूर्ण एडिटर मिळायला २०२४ उजाडलं. फक्त एक विनंती, पहिल्यांदा स्कायरिम खेळताना मॉड दोनच घाला, अनऑफिशियल पॅच (गेममधल्या चुका दुरुस्त करणारा) आणि पीसीवर असाल तर मेनू बदलणारा स्काययूआय, कारण मूळ मेनू माऊसवर अगदीच त्रासदायक आहे. बाकीचं नंतर. लोक शंभर मॉड चढवतात आणि मग गेम का बंद पडतोय ते शोधत बसतात, खेळणं राहूनच जातं.

एक्स्पान्शनमध्ये, म्हणजे नंतर आलेल्या जोडभागांत, विचर सरळ जिंकतो. हार्ट्स ऑफ स्टोनमधला गाँटर ओडिम मुख्य गेममधल्या कुठल्याही खलनायकापेक्षा जास्त भीतीदायक आहे आणि तो आवाजही चढवत नाही, मुख्य गेमचा एरेडिन त्याच्यासमोर नुसता चिलखत घातलेला पुतळा वाटतो. ब्लड अँड वाइन तर अख्खा नवा प्रदेश आहे, टूसान, ऊन, द्राक्षमळे, गेराल्टला स्वतःचं घर मिळतं, आणि रेजिस नावाचा मित्र. स्कायरिमचा ड्रॅगनबॉर्न चांगला आहे, सोल्स्टहाइम बेटाची राख आणि ती काळी पुस्तकं मस्त, डॉनगार्डही ठीक, पण ती त्याच जेवणाची आणखी एक वाढ आहे.

तर कुठला घ्यायचा? तुम्हाला गोष्ट, संवाद, माणसं हवी असतील आणि एकदा सुरू करून शेवटाला न्यायची सवय असेल तर विचर ३, डोळे झाकून. व्हाईट ऑर्चर्ड संथ वाटलं तरी सोडू नका, व्हेलनमध्ये बॅरन भेटेपर्यंत तरी खेळा, तिथं नाही आवडला तर मग तो गेम तुमच्यासाठी नाही. दोन्ही एक्स्पान्शन मुख्य गोष्ट संपल्यावर, आणि ब्लड अँड वाइन सगळ्यात शेवटी. तुम्हाला कुणी मागं लागलेलं नको असेल, दमून आल्यावर अर्धा तास कुठल्यातरी डोंगरावर चढायचं आणि तिथं काय सापडतं ते बघायचं असेल तर स्कायरिम. त्यात फास्ट ट्रॅव्हल पहिल्या वेळी शक्यतो वापरू नका, नकाशावर क्लिक करून उड्या मारत गेलात तर ते फ्रॉस्टफ्लोसारखं दीपगृह तुम्हाला कधी दिसणारच नाही, लांब जायचं असेल तर शहराबाहेरच्या तबेल्याजवळ घोडागाडीवाला उभा असतो, थोडी नाणी घेऊन तो मोठ्या शहरांत सोडतो, तिथून पुढं पायी.